पितरांच्या पंधरवड्यात भरलेला पाया

"साहेबांची मुदत नोव्हेंबरच्या शेवटापर्यंत आहे. तोवर ते आमदारच आहेत. तुम्हाला एवढी कसली घाई झाली?"

आमदारांचे पीए विलासभाऊ फोनवर बोलत होते. मी शहाद्याला आमच्या बांधकाम उपविभागाच्या ऑफिसात होतो. गणपती नुकतेच गेले होते. टेबलावर एका साकवाचा नकाशा पसरलेला होता. साकव म्हणजे लहान पूल. माणसं, बैलगाडी आणि फार तर एक जीप जाईल एवढा. हा साकव म्हसावदच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका पावरा आदिवासी वस्तीसाठी मंजूर झाला होता. वस्तीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाल्याच्या अलीकडे डांबरी रस्ता, पलीकडे वस्ती. पावसाळ्यात नाला भरला की मधला संबंध तुटतो.

"मुदत आहे हो," मी म्हणालो. "पण निवडणूक मुदतीच्या आत होते. आणि आचारसंहिता निवडणुकीच्याही आधी लागते."

"लागेल तेव्हा लागेल. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात साहेबांची तारीख देतो. मंडप, माईक सगळं बघून ठेवा. नारळ साहेबच फोडतील."

फोन ठेवला गेला.

मुदत संपेपर्यंत वेळ आहे ही विलासभाऊंची चूक तशी पुष्कळांची होते. आमदार पाच वर्षांसाठी असतो हे सगळ्यांना पाठ असतं. पण ती पाच वर्षं कधीपासून मोजायची हे विचारलं तर कोणी निकालाचा दिवस सांगतो, कोणी शपथेचा. खरं तर ती सभागृहाच्या पहिल्या बैठकीपासून मोजतात. लोकसभेचंही तसंच. मी इंजिनिअर माणूस, मला हे कुठून ठाऊक असणार? माझी पत्नी वनिता शहाद्याच्या एका हायस्कुलात इतिहास-नागरिकशास्त्र शिकवायची. संध्याकाळी ओट्यावर बसून दुसऱ्या दिवशीचा पाठ ती मला ऐकवायची. मी ऐकतोय की नाही याची तिला फारशी फिकीर नसे. ऐकत मात्र होतो.

ती सांगायची, विधानसभा आणि लोकसभा म्हणजे दहावीचा वर्ग. सगळे एकदम येतात, सगळे एकदम जातात. पाच वर्षं ही वरची हद्द. मध्येच वर्ग बरखास्त होऊ शकतो. राज्यसभा आणि विधान परिषद म्हणजे अख्खी शाळा. प्रत्येक जण सहा वर्षांसाठी येतो, दर दोन वर्षांनी तिसरा हिस्सा जातो, पण शाळा रिकामी होत नाही. आणि पोटनिवडणुकीत निवडून येतो तो बदली शिक्षक. आधीच्याचा राहिलेला अभ्यासक्रम पुरा करायचा, त्याला नवी पाच वर्षं मिळत नाहीत.

ती गेली त्याला तेव्हा एक वर्ष होऊन गेलं होतं. आदल्या श्रावणात गेली.

त्या साली आमच्या तालुक्याने हे सगळे वर्ग एकामागून एक सुटताना पाहिले. साकवाला फेब्रुवारीत मंजुरी मिळाली. टेंडर काढणार तोच लोकसभेची आचारसंहिता लागली. ती उठते न उठते तोच विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघाची निवडणूक आली. तिथल्या आमदाराची सहा वर्षं त्याच उन्हाळ्यात भरली होती. वनिताचा मोबाइल मी बंद केला नव्हता. त्यावर उमेदवारांचे मेसेज येत राहिले, 'आदरणीय शिक्षक भगिनी' म्हणून. मी एकही पुसला नाही. तेही उरकलं, टेंडर झालं, ऑगस्टच्या शेवटी कार्यारंभ आदेश निघाला. कार्यारंभ आदेश म्हणजे ठेकेदाराला 'आता काम सुरू करा' असं सांगणारा कागद. आणि आता विधानसभेची मुदत संपत आली होती.

आचारसंहितेचा नियम आमच्या दृष्टीने साधा आहे. जागेवर प्रत्यक्ष सुरू झालेलं काम चालू राहतं. नुसता आदेश निघाला असेल आणि जागेवर काही नसेल, तर निवडणूक संपेपर्यंत हात लावायचा नाही. पुढे नवं सभागृह, नव्या याद्या, नवे आग्रह. त्यात मागचं काम पहिल्या रांगेत राहील याची खात्री कोणी देत नाही. डिसेंबर गेला, मार्च गेला की पाऊस येतो. आमच्या खात्यात याला 'एक सीझन गेला' म्हणतात.

त्या वस्तीला सीझन जाणं परवडणारं नव्हतं. वस्तीचे कारभारी गुलाबदादा पावरा. साठीच्या पुढचे, बारीक, कमी बोलणारे. दोन पावसाळ्यांपूर्वी त्यांच्या धाकट्या भावाला, जालमला, शेतात साप चावला. माणसांनी बांबूला घोंगडी बांधून झोळी केली आणि त्याला नाल्यापर्यंत आणलं. पाणी छातीच्या वर होतं. अलीकडे रस्त्यावर जीप उभी होती, ड्रायव्हर हाका मारत होता. पाणी उतरायची वाट बघता बघता जालम तिथेच काठावर गेला. सर्व्हेला गेलो तेव्हा गुलाबदादांनी मला ती जागा दाखवली होती. "हिथं ठेवला होता," एवढंच म्हणाले. अलीकडे-पलीकडे कुठे पाया घ्यायचा हे मी लेव्हल बघून ठरवलं. पलीकडचा पाया नेमका त्या जागेजवळ आला.

मी कार्यकारी अभियंता मॅडमना भेटायला नंदुरबारला गेलो. त्यांना थोडक्यात बोललेलं आवडतं.

"आदेश निघालाय?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग काम सुरू करायला नारळ लागतो असं टेंडरमध्ये लिहिलंय का?"

"नाही, मॅडम. पण प्रोटोकॉल आहे."

"प्रोटोकॉल कार्यक्रमाला. कार्यक्रम साहेब तारीख देतील तेव्हा करू. साहेबांशी मी बोलते, ते नाही म्हणणार नाहीत. तुम्ही पाया घ्या." मग त्यांनी चष्मा काढला. "आणि एक ऐका. नुसता खड्डा खणून त्याचा फोटो आणलात तर मी सही करणार नाही. पुष्कळ ठिकाणी तसले खड्डे पाहिलेत. पाया भरलेला पाहिजे. काँक्रीट दिसलं पाहिजे."

बोलणं रास्त होतं. आता प्रश्न ठेकेदाराचा उरला.

ठेकेदार भरतभाऊ पाटील, ब्राह्मणपुरीचे. केळीची शेती आणि जोडीला सरकारी ठेके. माणूस कामाला चोख. त्यांच्या साकवावरून मी डोळे मिटून चालत गेलो असतो. त्यांना फोन केला.

"साहेब, आते नही," ते त्यांच्या अहिराणीत म्हणाले. "पितर चालू शेतस. पितरमा कोन्ही नवं काम धरस का?"

"भरतभाऊ, आचारसंहिता लागली तर हातचं जाईल."

"घट बसू द्या ना. घट बसनात का दुसरा दिनले मी गाडी भरसू."

"घट बसले की तुमचे मिस्तरी नवरात्राला घरी जातील. मग दसरा. मग पीएंची तारीख. आणि मधल्या कुठल्याही दिवशी दिल्लीत निवडणूक आयोगाची पत्रकार परिषद झाली की संपलं."

"ते शे खरं," भरतभाऊ म्हणाले. "पन मन्ही माय घरमा घेवाव नही माले."

तापीकाठच्या गावांत पितृपक्षात कोणी विहीर खोदत नाही, गाडी घेत नाही, साधी खुर्ची विकत घेत नाही. तो पंधरवडा गेलेल्यांचा. भरतभाऊ नियम चुकवणारे असते तर मी दम दिला असता. श्रद्धेला कसा देणार? शिवाय त्या वर्षी मला स्वतःलाही तो पंधरवडा वेगळा वाटत होता.

नवमीला वनिताचं पितर होतं. नवरा मागे असताना जी बाई जाते, तिचं पितर अविधवा नवमीला घालतात. पुण्याहून मुलगा आला होता. माझी मोठी बहीण, आक्का, दोन दिवस आधी येऊन स्वयंपाकघर ताब्यात घेऊन बसली होती. खीर, कढी, उडदाचे वडे, गवारीची भाजी. आमच्याकडे त्या दिवशी घरी आलेल्याला न जेवता पाठवत नाहीत. भरतभाऊंना मी जेवायला बोलावलं होतं. त्यात कामाचा हेतू नव्हता. वनिता त्यांच्या मुलीची वर्गशिक्षिका होती.

पानं मांडत होतो तेवढ्यात दारात गुलाबदादा उभे. शहाद्याच्या बाजाराला आले होते, ऑफिसात गेले, तिथे कोणी तरी घराचा पत्ता दिला. हातात पिशवी, डोक्याला गमछा.

"पुलाचं विचारायला आलो," ते म्हणाले. मग आतली गडबड बघून मागे सरकले. "लग्न आहे काय?"

"नाही दादा. पितर आहे. माझ्या मंडळींचं."

त्यांनी गमछा काढून हातात घेतला. आक्का आतून म्हणाली, "त्यासले आठेच बसाडा. पितरले ऊना तो देव."

असे आम्ही एका पंगतीत बसलो. ठेकेदार, कारभारी, मी आणि मुलगा. जेवणाआधी मुलाने आगारी टाकली. म्हणजे शेणीच्या निखाऱ्यावर तूप सोडायचं आणि पानातला घास ठेवायचा. धूर वर गेला की गेलेल्या माणसाला पोचलं असं मानतात. गुलाबदादा सगळं नीट पाहत होते.

"तुम्ही विस्तवात देता," ते म्हणाले. "आम्ही मातीत देतो."

"कधी?" मुलाने विचारलं.

"काम धरतो तवा. पेरणी असू दे, घर असू दे. आधी मेलेल्यांची नावं घ्यायची, महूच्या दारूची धार सोडायची, मग कुदळ. त्यांना नाही विचारलं तर ते रागावतात."

भरतभाऊंचा हात वड्यावर थांबला. "आनि मेलेलासना पंधरवडा ऱ्हायना तर?"

"आमच्यात पंधरवडा नाही. ते रोजच आहेत."

आक्का कढी वाढायला आली होती. ती म्हणाली, "वनिता ऱ्हाती तर तिनी दोन्हीसले वर्गमा उभं करी इचारं ऱ्हातं, आमदारनी मुदत कितली आनि पितरनी कितली."

मुलगा हसला. कित्येक महिन्यांनी त्या घरात कोणी हसलं. मीही हसलो आणि पानाकडे बघत राहिलो.

जेवण झाल्यावर भरतभाऊ ओट्यावर गेले आणि आईला फोन लावला. माय नव्वदीच्या घरातल्या, ऐकायला कमी. त्यामुळे फोन स्पीकरवर, आणि दोन्हीकडून मोठ्याने बोलणं. आजूबाजूच्या चार घरांना सगळं ऐकू गेलं असणार.

"माय, पितरमा काम धरानं का?"

"कसानं काम?"

"पूल. डोंगरमा. तठला लोकेसना मानूस नालानी कडले मरना व्हता, पानीमुये."

माय म्हणाल्या, "पितरमा लगीन करू नही, घर बांधू नही. पूल का तुन्हा घरना शे?"

"नही."

"पूल बठ्ठासना ऱ्हास. आनि इचारानं तर तुन्हा बापले इचार. त्यानाच पंधरवडा शे. माले काय इचारस?"

फोन बंद झाला. भरतभाऊ आत आले आणि गुलाबदादांना म्हणाले, "दादा, तुमनी ती धार शे ना, तिन्हामा मन्हा बापनं नाव घेता येस का?"

"घेता येतं," गुलाबदादा म्हणाले. "नाव सांगा फक्त."

एक दिवस सोडून आम्ही जागेवर होतो. आभाळ उघडलं होतं. नाल्याला पाणी होतं, पण गुडघ्याइतकं. मी आणि मिस्तरीने लाइनआउट दिलं. लाइनआउट म्हणजे नकाशावरच्या रेषा जमिनीवर आणायच्या. खुंट्या ठोकून, सुतळी ताणून, त्यावर पांढरी फक्की मारायची. साकवाला दोन अबटमेंट असतात, म्हणजे दोन्ही काठांवरचे पाय. सुरुवात पलीकडच्या पायापासून करायची असं मी ठरवलं. तिथे जेसीबी जात नव्हता. वस्तीतली माणसं टिकाव-फावडी घेऊन मजुरीवर आली होती.

कोणी टिकाव उचलला नाही. गुलाबदादा फक्कीच्या चौकोनात उभे राहिले. पळसाच्या पानाच्या द्रोणात महूची, म्हणजे मोहाची, दारू होती. त्यांनी आधी त्यांच्या भाषेत बरीच नावं घेतली. प्रत्येक नावाला थोडी धार मातीत. शेवटी 'जालम' म्हणाले आणि जरा जास्त सोडली. मग द्रोण भरतभाऊंकडे गेला. भरतभाऊ माळकरी नाहीत, पण दारूला शिवत नाहीत. त्यांनी दोन बोटांनी द्रोण धरला, वडिलांचं नाव घेतलं, धार सोडली आणि हात पँटला पुसले. कोणी तरी मागून म्हणालं, "पाटील, बापाला कमी पाजली." सगळे हसले. भरतभाऊंनी अजून थोडी सोडली.

मग द्रोण माझ्यापुढे आला.

"तुमचं माणूस?" गुलाबदादांनी विचारलं.

वर्षभरात मी ते नाव मोठ्याने घेतलं नव्हतं. घरी 'ती', 'तुझी आई', ऑफिसात 'मिसेस'. बँकेत, पेन्शनच्या टेबलावर 'मयत'. मी म्हणालो, "वनिता."

"परत सांगा. नाला वाजतोय, ऐकू नाही आलं."

"वनिता," मी म्हणालो.

धार मातीत मुरली. टिकाव पडले.

त्यापुढचं सगळं आमच्या धंद्यातलं आहे. खोदताना खाली मुरूम लागला, मग कठीण दगड. दगड लागला की इंजिनिअरला बरं वाटतं. पाया वाहून जाण्याची भीती कमी होते. एकदा रात्रीत पाऊस झाला आणि खड्डा भरला. वस्तीतल्या बायकांनी सकाळी हंड्यांनी पाणी उपसलं. सिमेंटच्या गोण्या माणसांनी डोक्यावरून नाल्यापार नेल्या. सळई बांधली, काँक्रीट पडलं. घट बसले तेव्हा पलीकडचा पाया भरलेला होता. मिस्तरी नवरात्रातही थांबले, दसऱ्याच्या आत अलीकडचाही झाला. मॅडम स्वतः आल्या. काँक्रीटवर बुटाने दोनदा ठोकून पाहिलं आणि मोजमापाच्या पुस्तकावर सही केली.

विलासभाऊंनी दिलेल्या तारखेच्या अगोदरच, दसऱ्याला आठवडा व्हायच्या आत, एके दुपारी टीव्हीवर निवडणूक जाहीर झाली. त्याच क्षणी आचारसंहिता लागली. संध्याकाळी कलेक्टर ऑफिसकडून निरोप आला: सुरू असलेली आणि सुरू न झालेली कामं वेगवेगळी कळवा. आमच्या उपविभागातली बरीच कामं दुसऱ्या रकान्यात गेली. त्यातली काही माझीच होती. त्यांच्यासाठी वाईट वाटलं. साकवाचं नाव पहिल्या रकान्यात लिहिलं आणि खुर्चीला टेकून बसलो. कित्येक दिवसांनी पाठ सैल झाल्यासारखी वाटली.

दुसऱ्या दिवशी विलासभाऊंचा फोन आला. आवाज मऊ होता.

"तो डोंगरातला पूल. सुरू झालाय ना?"

"हो. दोन्ही पाये भरले."

"बरं झालं बुवा. एक फोटो पाठवा ना. प्रचाराला कामी येईल."

"आचारसंहिता आहे, विलासभाऊ. मला फोटो पाठवता येणार नाही."

"अहो, साहेब अजून आमदार आहेत. मुदत नोव्हेंबरच्या शेवटापर्यंत आहे."

"मुदत आहे," मी म्हणालो. "तुम्ही स्वतः जाऊन फोटो काढा. नाल्याला पाणी आता कमी आहे."

ते गेले की नाही मला माहीत नाही. निवडणुकीत कोण आलं, कोण पडलं, याचा या गोष्टीशी संबंध नाही. निकालाच्या दिवशी भरतभाऊ स्लॅबच्या साच्याच्या प्लेटा लावत होते. जागेवर रेडिओ होता, पण त्यावर गाणी चालू होती.

साकव उन्हाळ्यात पूर्ण झाला. मी त्याच सुमारास रिटायर झालो, त्यामुळे उद्घाटनाला नव्हतो. उद्घाटन झालं की नाही हेही विचारलं नाही. आषाढात एका सकाळी गुलाबदादांचा फोन आला. त्यांच्या वस्तीत रेंज नाही. फोन करायला रस्त्यापर्यंत यावं लागतं.

"साहेब, रात्रभर पडला. नाला भरलाय."

"मग तुम्ही रस्त्यावर कसे?"

मागे पाण्याचा आवाज येत होता, मोठा.

"चालत आलो," ते म्हणाले. "वरून."

मी फोन ठेवला, चहा केला, आणि सवयीने दोन कप काढले. एक परत ठेवला. त्या दिवशी ते फारसं जड गेलं नाही.

नवे इंजिनिअर कधी कधी विचारायला येतात. त्यांना एवढंच सांगतो. आमदार-खासदारांची मुदत पाच वर्षांची, वरच्या सभागृहांतल्यांची सहा. त्यातून पावसाळे वजा करा, आपल्या आणि दुसऱ्यांच्या निवडणुका वजा करा, सण वजा करा. उरेल तेवढ्या वेळात पाया भरा. आणि पितर आडवे येत असतील, तर त्यांना विचारून बघा. आमच्या वेळी त्यांनी हरकत घेतली नाही.